माथ्यावरची पन्हळ: फेल्ट हॅटला आकार देण्याविषयी

फेडोरा ही फेल्टची टोपी दुकानातून हातात येते तेव्हा तिच्या माथ्यावर मधोमध एक पन्हळ असते आणि पुढच्या अंगाला दोन खळ्या. टोपी अशीच जन्मते असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात लाकडी साच्यावरून उतरलेल्या फेल्टच्या टोपीचा माथा उंच, घुमटाकार आणि अगदी कोरा असतो. पन्हळ आणि खळ्या मागाहून पडतात. कधी त्या कारखान्यात तापलेल्या साच्यात दाबून पाडतात, कधी दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघत वाफेवर पाडून देतो, तर कधी टोपी घालणाराच स्वतःच्या हातानं पाडतो. अमेरिकेत टेक्सससारख्या भागात काउबॉय हॅट विकणाऱ्या दुकानांत आजही कोऱ्या माथ्याच्या टोप्या मांडलेल्या असतात. एखादी पसंत पडली की दुकानातला माणूस ती वाफेवर धरतो आणि मागाल तो आकार काढून देतो. फेडोराच्या बाबतीत ही रीत मागे पडली. आकार तयारच मिळू लागला, आणि तो आपल्याला बदलता येतो ही गोष्ट घालणाऱ्यांच्या डोक्यातून गेली.

ही पुस्तिका त्या कामाची आहे. फेल्टची टोपी घरच्या घरी, किटलीच्या वाफेवर, उघडायची कशी, तिला नवी पन्हळ आणि नव्या खळ्या कशा पाडायच्या, कड कशी वळवायची, आणि हे सगळं करताना टोपी खराब कशी होऊ द्यायची नाही, एवढाच तिचा आवाका. पुढच्या पानांत कृती आहेत. कृतींमागचं कारण सांगणं हे माझ्याकडे आलेलं काम, आणि मला ते कृतींइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण टोप्या खराब करणारे लोक बहुतेकदा आळशी नसतात. उत्साही असतात. त्यांना काय करायचं ते ठाऊक असतं, पण फेल्ट हा पदार्थ काय आहे ते ठाऊक नसतं.

तेव्हा आधी फेल्ट. घोंगडीत उभे-आडवे धागे असतात, ती मागावर विणलेली असते. फेल्टमध्ये धागाच नसतो. ससा, रानससा किंवा बीव्हर यांच्या कातड्याजवळची मऊ लव, किंवा मग मेंढीची लोकर, ओल, उष्णता आणि चोळामोळ यांनी स्वतःतच गुंतत जाते. केसावर सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे टोकाकडे वळलेले असतात; त्यामुळे घासला गेलेला केस मुळाच्या दिशेनं पुढे सरकतो, मागे मात्र येत नाही. लक्षावधी केस असे एकाच वेळी सरकले की त्यांचा एक घट्ट, न उसवणारा थर होतो. काश्मीरचा नमदा याच तत्त्वावर बनतो. टोपीचं फेल्ट त्याच घराण्यातलं, पण कितीतरी पातळ आणि घट्ट.

कारखान्यात हे काम पाहण्यासारखं असतं. जवळजवळ तीन फूट उंचीचा, बारीक भोकं पाडलेला तांब्याचा शंकू फिरत असतो आणि आतून हवा ओढली जात असते. वरून उडवलेली लव त्या शंकूवर बसत जाते. एका टोपीला लागणारी लव शंभरएक ग्रॅम. त्यावर गरम पाण्याचा फवारा मारून तो भुसभुशीत थर अलगद उतरवून घेतात. ही झाली टोपीची पहिली अवस्था, आणि ती एखाद्या माणसाच्या खांद्यापर्यंत उतरेल एवढी मोठी असते. पुढे गरम पाण्यात, लाटत, दाबत, पुन्हा पुन्हा आकसवत ती मूळ आकाराच्या एकतृतीयांशाच्या आसपास आणतात. मग रंग, मग साचा, मग बारीक पॉलिश पेपरनं घासून पृष्ठभाग मऊ करणं. इटलीत अलेस्सांद्रिया इथे जुझेप्पे बोर्सालिनोनं १८५७ मध्ये कारखाना काढला तेव्हापासून ते गाव आणि टोपी यांची नावं एकत्रच घेतली जातात. चेक प्रजासत्ताकातलं नोवी यिचीन, पोर्तुगालमधलं साओ जुआंव दा मादेइरा आणि ऑस्ट्रेलियातलं केम्प्सी हीसुद्धा याच धंद्याची गावं. ऑस्ट्रेलियातली अकुब्रा ही हॅट सशाच्या लवीची. ज्या सशांनी तिथल्या शेतकऱ्याला हैराण केलं, तेच तिथल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर बसले.

या सगळ्यातून आपल्या कामाची गोष्ट निघते ती अशी. फेल्टला धाग्याची दिशा नाही, म्हणून ते कुठल्याही बाजूला वळतं, ताणतं, खोलगट होतं. कापडाला जिथे शिवण किंवा चुणी घ्यावी लागेल तिथे फेल्ट नुसत्या दाबानं ऐकतं. पण आकसण्याची ती क्रिया कारखान्यात संपलेली नसते, फक्त थांबवलेली असते. ओल, उष्णता आणि घासणं ही तीन माणसं पुन्हा एकत्र आली की काम पुढे सुरू होतं. ज्यांनी टोपी घडवली तेच तिला आकार देतात आणि तेच तिची वाट लावतात. टोपीला पन्हळ पाडण्याचं सगळं कसब या तिघांना किती वेळ आत येऊ द्यायचं आणि केव्हा बाहेर काढायचं यात आहे.

वाफेनं नेमकं काय होतं? केस आणि लोकर केराटिनची बनलेली असतात. केराटिनच्या साखळ्या एकमेकींना ज्या बंधांनी धरून असतात त्यांतले काही पक्के असतात, ते वाफेला सहजी दाद देत नाहीत. पण हायड्रोजनचे जे दुबळे बंध असतात ते ओल आणि उष्णता मिळताच सुटतात आणि केस थंड होऊन वाळला की ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बांधले जातात. ओल्या केसांचा अंबाडा घालून झोपलेल्या बाईला सकाळी हे शास्त्र आरशात दिसतं. म्हणून आकार पडतो तो वाफेत नाही, वाफेतून बाहेर आल्यावर. ज्यांना हे कळलेलं नसतं ते टोपी सतत वाफेवरच धरून दाबत राहतात आणि ती ऐकत नाही म्हणून अजून वाफ देतात. टोपी एव्हाना ऐकायला तयार झालेली असते. तिला हातात धरून अर्धा-एक मिनिट गप्प बसणं तेवढं राहिलेलं असतं.

टोपीत लवीखेरीज आणखी एक गोष्ट असते, तिला ताठ ठेवणारं खळीचं द्रव्य. चांगल्या फेल्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ते शेलॅक असायचं, म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर राहणाऱ्या किड्यानं सोडलेली ही राळ छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा होई आणि पार युरोप-अमेरिकेतल्या टोप्यांच्या कडांपर्यंत पोचे. टोपीवाल्यांच्या इतिहासात या जंगलांचा उल्लेख सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम इथे करतो. लाख उष्णतेनं मऊ पडते आणि थंड झाली की पुन्हा कडक होते. वाफेवर टोपी मऊ होण्यात तिचाही वाटा असतो. लोकरीच्या स्वस्त टोप्यांत पाण्यात विरघळणारी खळ वापरलेली असू शकते. तिला जास्त वाफ दिली की खळ पसरते, वर पांढरट चट्टे उमटतात आणि कड लोळू लागते. एकच टोपी वारंवार उघडून नवे नवे आकार देऊ नयेत याचं एक कारण हेही आहे.

बस्टर कीटनची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मूकपटांतला हा विनोदवीर सपाट माथ्याची, बुटकी पोर्क पाय हॅट घालायचा, आणि त्या टोप्या तो स्वतः तयार करायचा. चांगली फेडोरा घेऊन तिचा माथा खाली बसवायचा, कड कापून लहान करायची आणि गरम पाण्यात साखर विरघळवून त्या पाकानं ती कडक करायची. पडद्यावर पडणं, भिजणं, उधळणं इतकं असायचं की टोप्या टिकत नसत आणि नव्या करत राहाव्या लागत. त्याची युक्ती हॉलिवूडमध्ये चालून गेली. आपल्याकडे कुणी करायला गेलं तर सकाळी टोपीवर मुंग्यांची रांग लागलेली असेल.

लवीच्या प्रकारावरून हाताळणी बदलते हे खरेदी करतानाच लक्षात घ्यावं. सशाच्या किंवा बीव्हरच्या लवीचं फेल्ट पातळ असूनही दाट असतं, चिमटीत धरलं तर मऊ लागतं आणि सोडलं की परत येतं. त्याला थोड्या वाफेत स्वच्छ, गोलसर पन्हळ पडते. लोकरीचं फेल्ट जाड, जरा खरखरीत आणि हट्टी. वाफेत ते जास्त आकसतं, दाबलं तर चकाकी धरतं आणि सोडल्यावर पन्हळीच्या कडा पुन्हा फुगतात. म्हणून लोकरीच्या टोपीत नाजूक, टोकदार आकार काढायला जाऊ नये. मधोमध एक रुंद पन्हळ आणि दोन उथळ खळ्या एवढ्यावर समाधान मानावं. ती तशीच चांगली दिसते, असं माझं मत.

जुन्या टोप्यांबद्दल एक धोक्याची सूचना. सशाच्या लवीवरचे खवले नैसर्गिकरीत्या फारसे गुंतत नाहीत, म्हणून टोपीवाले कातड्यावर मर्क्युरी नायट्रेटचा हात फिरवत. त्यानं लव गाजरासारखी नारिंगी होई आणि पटकन जमे. गरम पाण्याच्या वाफेनं भरलेल्या खोल्यांत पाऱ्याची वाफ कामगारांच्या फुप्फुसांत जाई. हात थरथरत, दात पडत, स्वभाव बिघडे. कनेटिकटमधलं डॅनबरी हे टोप्यांचं शहर, आणि तिथल्या कामगारांच्या थरथरीला त्या शहराचंच नाव पडलं होतं. अमेरिकेत या धंद्यातला पाऱ्याचा वापर बंद झाला तो १९४१ मध्ये. इतरत्र तो नंतरही काही काळ चालला. त्या काळातल्या टोप्यांत पाऱ्याचे अंश राहिलेले असू शकतात, आणि संग्रहालयं त्या हातमोजे घालूनच हाताळतात. आजोबांच्या ट्रंकेत त्या काळातली फेल्ट हॅट सापडली तर तिला घरात वाफ देऊ नये. ती कपाटात शोभेला ठेवावी, आणि हात लावल्यावर हात धुवावेत.

आता टोपीतला सर्वांत दुर्लक्षित भाग: आतला चामड्याचा पट्टा. टोपी डोक्यावर बसते ती खरं तर या पट्ट्यावर. ओलं चामडं सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या पुढे तापलं की त्यातलं कोलॅजन आकसतं आणि ते आकसणं परत फिरत नाही. किटलीची वाफ शंभर अंशांच्या आसपास असते. पट्टा आकसला की टोपी घट्ट होते, आणि एवढ्यावर भागत नाही. पट्टा माथ्याच्या तळाला शिवलेला असतो, तो लहान झाल्यावर तळ आत ओढला जातो आणि कडेचा घेर तेवढाच राहिल्यामुळे कड लाटांसारखी वरखाली होते. लोक मग कडेलाच वाफ देत बसतात. दोष कडेत नसतोच. म्हणून पुस्तिकेतल्या प्रत्येक कृतीच्या आधी एकच सूचना पुन्हा पुन्हा दिली आहे: पट्टा बाहेर उलटवा आणि वाफ बाहेरून द्या. ती वाचून कंटाळा आला तरी पाळावी. उन्हाळ्यात बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवलेल्या टोपीचंही हेच होतं. नागपुरात एप्रिल-मेमध्ये तर त्यासाठी किटलीचीसुद्धा गरज नाही.

हात चालवण्याआधी टोपी स्वच्छ करावी लागते. धूळ बसलेल्या फेल्टला वाफ दिली की धूळ लवीत पक्की बसते आणि मग ब्रशला दाद देत नाही. मऊ केसांचा ब्रश लव ज्या बाजूला बसली आहे त्या बाजूनं फिरवावा. वरून पाहिलं तर बहुतेक टोप्यांत ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं असते. फिक्या आणि गडद टोप्यांसाठी ब्रश वेगवेगळे असावेत. मग अस्तर सैल असेल तर बाहेर काढावं, पट्टा उलटवावा, आणि जुनी पन्हळ, बाहेरून वाफ देत, आतून तळहातानं वर ढकलून माथा पूर्ण उघडावा. इथे अधीर होऊन अर्धवट उघडलेल्या माथ्यावर नवी पन्हळ पाडायला गेलं की जुन्या आकाराची धार नव्या आकारात अडकून बसते.

वाफ एका वितीच्या अंतरावरून. किटलीच्या तोंडाशी जी जागा रिकामी दिसते तिथली वाफ सर्वांत गरम असते. जो पांढरा ढग दिसतो ते थंड होत आलेले थेंब. टोपी त्या ढगात धरावी, रिकाम्या जागेत नव्हे, आणि हलवत राहावी. फेल्ट गरम आणि लवचीक झालं पाहिजे, ओलं नाही. त्यावर पाण्याचे मणी दिसू लागले म्हणजे वेळ जास्त झाला. बोटं सांभाळावीत, कारण वाफ त्वचेवर पाणी होताना साठवलेली सगळी उष्णता तिथेच सोडते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट बसतो.

आकाराचा क्रम वरून खाली. आधी हाताच्या कडेनं माथ्यावर मधोमध पुढून मागे हलकेच दाबायचं, एकदा, मग दुसऱ्यांदा थोडं खोल. पन्हळ पुढे उंच आणि मागे जरा उतरती असावी. टोपीच्या चेहऱ्यावर जो रुबाब दिसतो तो या उतारामुळे. माथा खाली बसला की बाजूंना फेल्ट मोकळं होतं, आणि पुढच्या खळ्या त्या मोकळ्या झालेल्या फेल्टला जागा करून देतात. म्हणून खळ्या शेवटी. त्या आधी पाडल्या तर पन्हळ पाडताना त्या आत ओढल्या जातात आणि टोपी चिमटलेली, भुकेली दिसते. उघड्या माथ्याची उंची साधारण साडेपाच इंच धरली तर पन्हळ पाडल्यावर पुढची उंची साडेचारच्या आसपास येते. एवढी उंची जाणार हे आधीच मनाशी धरून चालावं.

खळ्यांबद्दल मी जरा हट्टी आहे. टोपी जिथे हमखास फाटते ती जागा म्हणजे पुढचा चिमटा, दोन खळ्यांच्या मधला. तिथे फेल्ट दोन दिशांनी वळलेलं असतं, केस ताणलेले असतात, आणि प्रत्येक वेळी टोपी काढताना बोटं नेमकी तिथेच जातात. बोटांचं तेल लागतं, दाब पडतो, वळण अजून टोकदार होतं, आणि काही वर्षांनी तिथे आधी चीर आणि मग भोक. सिनेमात नायक टोपी नेहमी चिमट्यात धरून उचलतो. नायकाला टोपी कपडेपटातून मिळते आणि फाटली तर दुसरी मिळते. ज्यानं स्वतःच्या पैशानं घेतली आहे त्यानं ती कडेला पुढे-मागे दोन्ही हातांनी धरून उचलावी. आणि आकार देतानाच चिमट्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहावं: कड गोल लागली तर ठीक, धार लागली तर तिथे पुन्हा वाफ देऊन ती मोडून काढावी. नखांचा वापर कुठेही नको, आणि चिमट्याला कपड्यांचे चाप लावून ठेवायची जी युक्ती लोक एकमेकांना सांगतात तीही नको. चापाचे दात लवीत उमटतात. आकार थंड होईपर्यंत हातच चाप.

याच कारणासाठी हिरा या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चौकोनी पन्हळीबद्दल मला शंका आहे. तिचे कोपरे दिसायला सुरेख, पण ते चार कोपरे म्हणजे झिजण्याच्या चार जागा. थेंबाच्या आकाराची पन्हळ, मागे रुंद आणि पुढे निमुळती, ही त्यामानानं सौम्य. मधे उंचवटा ठेवून भोवती इंग्रजी सी अक्षरासारखी खोली काढायची तिला थोडा सराव लागतो, पण फेल्टवर ताण कमी पडतो. आणि साधी, मधोमध एकच पन्हळ: सर्वांत जुनी, सर्वांत निर्धोक, आणि बहुतेक चेहऱ्यांना शोभणारी. लोक हम्फ्री बोगार्टचं १९४२ च्या ‘कासाब्लांका’मधलं छायाचित्र घेऊन येतात आणि तसाच आकार मागतात. आकार मिळतो. बोगार्टचा चेहरा कुणाला देता येत नाही, आणि आकार शेवटी चेहऱ्याला पाहून ठरतो. लांब चेहऱ्याला उंच माथा आणखी लांब करतो, रुंद जबड्याला फार चिमटलेला पुढा बारीक दिसतो. आरशासमोर उभं राहून, टोपी डोळ्यांच्या पातळीवर धरून, समोरून पाहावं. वरून पाहिलेली पन्हळ फसवते.

नावाचा इतिहास थोडक्यात. व्हिक्टोरियाँ सार्दूचं ‘फेदोरा’ हे नाटक पॅरिसमध्ये १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यातली नायिका रशियन राजकन्या, भूमिका सारा बर्नहार्टची. टोपीचं नाव तिथून आलं, आणि सुरुवातीला ती बायकांमध्येच चालली. पुरुषांनी ती उचलली, गुंडांनी आणि गुप्तहेरांनी पडद्यावर नेली, आणि १९८१ मध्ये ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’नं तिला धुळीत लोळवून पुन्हा फॅशनमध्ये आणलं. हॅरिसन फोर्डची ती तपकिरी टोपी लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन या दुकानातली, आणि ती मुद्दाम मळवून, चुरगाळून जुनी केलेली. नव्या टोपीला तसं रूप देण्याचा मोह अनेकांना होतो. पुस्तिकेत त्यासाठी प्रकरण नाही, आणि नाही ते बरं.

आपल्या देशातली सर्वांत ओळखीची फेल्ट हॅट भगतसिंगांची. इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सच्या वधानंतर, डिसेंबर १९२८ मध्ये, ते लाहोरमधून निसटले ते साहेबी पोशाखात आणि हॅट घालून. पत्नी म्हणून सोबत दुर्गाभाभी, आणि नोकराच्या वेशात आपल्या खेडचे राजगुरू. पुढच्या एप्रिलमध्ये, असेंब्लीत बाँब टाकण्याच्या आधी थोडे दिवस, दिल्लीतल्या स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रातही डोक्यावर हॅटच आहे. कॅलेंडरांवर, शाळांच्या भिंतींवर, रिक्षांच्या मागे ती इतक्यांदा रंगवली गेली आहे की पुष्कळदा रंगवणाऱ्यानं माथा नुसता फुगवून सोडलेला असतो. जमलं तर मूळ छायाचित्र पाहावं. वेषांतरासाठी घातलेली टोपीसुद्धा घालणाऱ्याच्या अंगवळणी कशी पडते ते त्यात कळतं.

मराठी वाचकाला या पुस्तिकेचा उपयोग कुठे? टोपी रोज घालणारे थोडे. पण नाटकांचे कपडेपट आहेत, हौशी मंडळं आहेत, एकांकिकांच्या स्पर्धा आहेत, आणि त्यांत एखादा साहेब, एखादा गुप्तहेर, एखादा इराण्याच्या हॉटेलात बसलेला सद्‌गृहस्थ लागतोच. कपडेपटातल्या टोप्या एकात एक घालून, वरून दोरी आवळून ट्रंकेत कोंबलेल्या असतात. प्रयोगाच्या दिवशी बाहेर निघतात त्या चपट्या होऊन. अशा टोपीवर इस्त्री फिरवण्याऐवजी तिचा माथा वाफेवर उघडून नवी पन्हळ पाडली तर ती पुढच्या रांगेतूनही टोपी दिसेल. ठेवताना माथ्यात कागदाचे बोळे भरावेत आणि टोपी माथ्यावर उलटी ठेवावी, म्हणजे कडेवर वजन येत नाही.

पाऊस हा आपला वेगळा विषय आहे. भिजलेल्या टोपीचा माथा वाळताना वर निमुळता होत जातो, हे अनेकांनी पाहिलं असेल. तळाला पट्टा आणि फीत धरून असतात, वरच्या भागाला धरणारं काही नसतं; ओल आली की तो भाग आकसतो आणि माथा शंकूकडे झुकतो. एकदा-दोनदा भिजल्यानं काही होत नाही, पण दर पावसात भिजणाऱ्या टोपीला वर्षातून एकदा लाकडी साच्यावर चढवून ताणून घ्यावं लागतं. भिजलेली टोपी ओली असतानाच हातानं आकारात आणावी, पट्टा बाहेर उलटवून ठेवावा आणि वाऱ्यावर सावलीत वाळू द्यावी. केस वाळवायचं यंत्र लावू नये, उन्हात टांगू नये, गॅसजवळ तर मुळीच नाही. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या फेल्टला बुरशी धरते आणि कसर लागते. कसरीच्या अळ्या केराटिन खातात, म्हणजे सबंध टोपीच त्यांचं जेवण. डांबरगोळ्या कागदात गुंडाळून जवळ ठेवाव्यात, फेल्टला लागू देऊ नयेत, आणि आठवड्यातून एकदा टोपी बाहेर काढून ब्रश फिरवावा.

नवी पन्हळ पावसाळ्यात पाडायला घेऊ नये. दमट हवेत फेल्ट वाळायला इतका वेळ घेतं की आकार अर्धवट बसतो आणि सकाळपर्यंत ढिला पडतो. कोकणात गणपती होऊन हवा कोरडी होईपर्यंत थांबावं. पहिला हात महागड्या टोपीवर फिरवू नये. जुन्या बाजारात किंवा कपडेपटाच्या भंगारात लोकरीची एखादी जुनी टोपी मिळते, तिच्यावर माथा उघडणं आणि पन्हळ पाडणं पुन्हा पुन्हा करावं. ती जेव्हा आकसू लागेल, तेव्हा वाफ किती म्हणजे जास्त हे हाताला कळलेलं असेल. मग पहिलं प्रकरण उघडावं. किटली मात्र निम्मीच भरावी, कारण काठोकाठ भरलेली किटली वाफेबरोबर उकळते थेंब थुंकते आणि ते फेल्टवर डाग पाडतात.